गप्प बसलेली पेठ

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. अंधांना आवाजावरून चालायला शिकवणाऱ्या संस्थेत शिकून ती पहिल्यांदाच शिवाजी पेठेतून एकटी निघाली होती. बिचारीला गोंधळ नको, म्हणून मी दुकानातला रेडिओ बंद केला. समोरच्या लोहारानं घण वरच्या वर धरला, गवळ्यांनी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा मुठीत दाबल्या.

ती चौकात मधोमध थबकली. चुटकी वाजवली, कान दिला आणि कडाडली, "मेलायसा का काय सगळी? आवाज करा की! वाट गावंना झालीया मला."

घण दणाणला, घंटा वाजल्या, मी रेडिओ मोठा केला. ती झोकात वळली आणि काठी जत्रेतल्या सासनकाठीसारखी उंच धरून पुढं गेली.

मग रोज ती येताना दिसली, की आख्खी पेठ उगाचच मोठ्यानं भांडायला लागायची.