कबड्डीच्या कप्प्यातलं पुस्तक

पुस्तक न उघडता मी त्याचा विषय सांगू शकते, असं एके काळी मी चारचौघांत मिरवत असे. आदिलाबादच्या आमच्या वाचनालयात तेलुगू, उर्दू, हिंदी आणि मराठी अशी चार भाषांची कपाटं आहेत, आणि कर्मचाऱ्यांत मराठी वाचणारी मी एकटीच, मुधोळकडच्या मराठी शाळेत शिकलेली. चूक दाखवणारं कुणी नसलं की माणसाचा तोरा वाढतो. माझाही वाढला होता.

पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं ठरलं, तेव्हा मराठीचं कपाट माझ्या वाट्याला आलं. टाइप करायला एकच सहकारी होते, ते तेलुगू. त्यांना मराठी येत नाही, म्हणून मी पुस्तकाचं नाव इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहायचे, शेजारी विषयाचा क्रमांक टाकायचे, आणि ते बिचारे जसंच्या तसं उतरवून घ्यायचे. बैलजोडीचं चित्र दिसलं की शेती, कढई दिसली की स्वयंपाक. शितावरून भाताची परीक्षा! ठरलेल्या मुदतीच्या निम्म्या दिवसांत मी कपाट रिकामं करून पुन्हा भरलं आणि साहेबांची शाबासकी घेतली.

त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई आली. जवळच्या मावला गावाकडे तिचा भाजीचा मळा होता. मेथीच्या जुड्यांची ओली पिशवी तिने सरळ माझ्या टेबलावर ठेवली आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

"माह्या पोरीले ऐकू येत नाई," ती म्हणाली. "तीन वर्साची हाय. डाक्टरनं कानाले मशीन देल्ली. मने, आता घरी शिकवा लागंल तिले ऐकाले, बोलाले. कागद देल्ला, तो तेलुगूत. मले तेलुगू वाचता येत नाई. मराठीत हाय का काई?"

मी पिशवीखालचं पाणी पुसत पुसत कॉम्प्युटरमध्ये शोधलं. कान, बहिरेपणा, वाचा, सगळे विषय बघितले. मराठीत एकही पुस्तक निघालं नाही.

"नाही."

"अजून एकडाव पाहा ना, ताई."

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही बाई," मी म्हणाले. तिने पिशवी उचलली आणि गेली. मी टेबल पुन्हा एकदा पुसलं.

आठ महिन्यांनी वार्षिक मोजणी आली. खेळांच्या कप्प्यातली पुस्तकं काढत होते. कबड्डीचे नियम, कुस्ती, क्रिकेट, आणि मधेच एक पातळ पुस्तक. मुखपृष्ठावर आई आणि मुलगी चेंडू खेळताहेत. पडलं म्हणून ते उचललं, तर उघडलेल्या पानावर श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला घरच्या घरी आवाज कसे ओळखायला लावावेत, हे लिहिलेलं. मी खालीच बसले.

पहिला राग अर्थातच टाइप करणाऱ्या त्या सहकाऱ्यांवर निघाला. "हे इथे कुणी घातलं?" मी हिंदीत ओरडले. ते शांतपणे उठले, जुन्या कागदांचा गठ्ठा शोधून आणला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अक्षर माझं होतं. क्रमांक खेळांचा होता.

"मॅडम, मेरे को तो मराठी आता नहीं," ते म्हणाले. "आप लिखे, वो मैं डाला."

मला इतकी लाज वाटली की माफीसुद्धा नीट मागता आली नाही. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून त्या पुस्तकाची नोंद बदलली. जागा एकच, पण यादीत ते कान म्हणून शोधलं तरी सापडावं, बोलणं म्हणून शोधलं तरी सापडावं आणि लहान मुलं म्हणून शोधलं तरी. मग खेळांचा सगळा कप्पा मी जमिनीवर काढला आणि एकेक पुस्तक उघडून बघू लागले. ते काम अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजीबाजार पालथा घातला. चौथ्या ओळीत ती दिसली. मागे पोत्यावर बसून पोरगी वांगी रचत होती, कानात यंत्र. मी पुस्तक पुढे केलं. बाईने ओले हात लुगड्याला पुसले, दोन पानं उभ्याउभ्या वाचली आणि तिचा चेहरा उजळला.

"कवा आलं हे, ताई?"

'कालच' म्हणायला काय जात होतं? शब्द अगदी ओठावर आला होता.

"तुम्ही आलात तेव्हाही होतं," मी म्हणाले. "मीच चुकीच्या कप्प्यात घातलं होतं. आणि तुम्ही पुन्हा पाहा म्हणालात, तर पाहिलं नाही."

तिने पुस्तक मिटलं. कोथिंबिरीवर पाणी शिंपडत राहिली.

"म्या घरी जाऊन सांगतलं, मराठीत पुस्तकच नाई," ती शेवटी म्हणाली. "सासू मने, मंग राहू दे, नशिबातच नाई पोरीच्या. आठ महिने मी मशीन नुसती लावून राह्यली."

मला तिच्याकडे बघवेना. निघून जावं तर पाय निघेना. एक गिऱ्हाईक टोमॅटोचा भाव विचारत होतं, त्याला तिने हातानेच थांबवलं आणि पुस्तकात पुन्हा डोकं घातलं.

"हे पाहा, काय लिवलं," ती म्हणाली. "पोरीच्या मांगं आवाज कराचा. तिले दिसू द्याचा नाई. आवाज आला का तिनं टोपलीत एक वस्तू टाकाची." तिने पोरीच्या हातात वांगं दिलं, समोर टोपली ठेवली आणि स्वतः तिच्या पुढ्यात बसली. मग तराजूचं पारडं आणि वजन माझ्या हातात दिलं. "तुमी वाजवा. मी तिच्या तोंडाकडं पायतो."

मी मागे जाऊन पारड्यावर वजन मारलं. पोरगी वांगं धरून आईकडे बघत राहिली. पुन्हा मारलं. तिची मान थोडी वळली. आईने तिचा हात धरून वांगं टोपलीत टाकलं, हसली, दुसरं हातात दिलं.

तिसऱ्यांदा मी वजन उचलून मारलं. ठण्ण झालं, आणि आईने काही करायच्या आत पोरीने वांगं टोपलीत टाकलं.

"टाकलं!" तिची आई ओरडली. "ताई, आता थांबू नका, वाजवा!"