अण्णांनी पाय उचलला

व्हायोलिन छातीला टेकवून वाजवलं, एवढ्याच कारणावरून सांगलीतल्या माझ्या मास्तरांनी मला क्लासातून बाहेर काढलं. मांडी घालून, व्हायोलिनची मान पायावर टेकवून वाजवायची शिस्त त्यांनी मला कित्येक वर्षं लावली होती. आणि मी बिघडले मोबाईलवर. तिथल्या व्हिडिओंत अमेरिकेतल्या डोंगराळ गावातली म्हातारी माणसं घराच्या ओट्यावर खुर्च्या टाकून, व्हायोलिन छातीला टेकवून वाजवत बसायची. एवढीशी चाल, संपली की पुन्हा पहिल्यापासून. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही, सगळे मिळून तेच वाजवणार. "हे असलं खेडवळ वाजवायचं तर माझ्याकडे कशाला आलीस?" मास्तर म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खेड्यातलीच आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग दिवसभर कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी घरी त्या चाली बसवणं, असं सुरू झालं. त्यातच अण्णा, माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जतकडच्या आमच्या गावाहून येऊन राहिले. मेंढरांमागे आयुष्य गेलेला माणूस. गजी म्हणजे आम्हा धनगरांचा रिंगणातला नाच. गावच्या जत्रेत गजीचा ढोल अण्णांचाच. डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली, आणि मी आत वाजवायला लागले की बाहेर पिठाच्या डब्यावर त्यांचा ठेका सुरू.

"कुठलं गं हे? आपल्याकडचंच वाटतंय."

"अमेरिकेतलं आहे, अण्णा."

"असंल. तिथंबी मेंढरं असत्यालच की."

पट्टी सुटली तरी ते गावी गेले नाहीत, उलट ढोल मागवून घेतला. शेजारी कुरकुरले, मी दाद दिली नाही. त्या अमेरिकन लोकांची एक खूण मी अण्णांना शिकवली. चाल कितीही वेळा फिरू दे, म्होरक्याने पाय उचलला की ती शेवटची फेरी. ती संपली की सगळ्यांनी एकदम थांबायचं. अण्णा मुद्दाम पाय उंच उचलायचे आणि शेवटचा ठोका माझ्या सुरावर बरोबर पडला की खुदकन हसायचे. "औंदा जत्रंत तू माझ्यासंगं वाजवायचं," हे तेच म्हणाले. मी विचारलं नव्हतं. गजीत बाई नाचत नाही, वाजवत नाही. लहानपणापासून मी ती लांबून, बायकांच्या घोळक्यातून पाहिलेली. पण अण्णा म्हणाले म्हणजे झालं, असं मला वाटलं.

जत्रेत मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पहिल्या फेरीला गडी बिचकले. दुसऱ्या फेरीला पाय जुळले, रुमाल उडायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात गावचे एक पंच रिंगणातून सरळ चालत आले आणि अण्णांच्या कानाशी वाकले. कानाशी कसले, मला ऐकू जाईल असंच बोलले.

"आवं, बाईमाणूस कुठं गजीत वाजवतंय व्हय? बंद करा."

मी अण्णांकडे बघितलं. आता हा माणूस त्यांना झिडकारणार, याची मला खात्री होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी पाय उचलला.

मीच शिकवलेली खूण! संतापाने माझे कान तापले. व्हायोलिन तिथेच आपटावंसं वाटलं. पण हाताला सवय झालेली. हाताने निमूट शेवटची फेरी पुरी केली, आणि शेवटचा सूर अण्णांच्या ठोक्यावर असा चपखल बसला की लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्या पंचांनीसुद्धा मान डोलावली. पंचांचा राग आला, अण्णांचा आला, पण सगळ्यात जास्त चीड मला आजही माझ्या त्या हाताची येते.

माळावरच्या देवळापासून घरी येताना जीपमध्ये मी व्हायोलिनची पेटी पायाने सीटखाली ढकलली. अण्णा ढोल मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर बघतच ते म्हणाले, "शेवट मातूर लय झाक झाला, पोरी."