सिस्टरचे अवघड शब्द

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी चौथीपासूनच जमलेलं नाही. हे कुणाच्या हाती लागलंच, तर सांभाळून घ्यावं.

सिस्टर एका जागी बसायचीच नाही. चिकलठाण्याला आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, दवाखान्यात नर्स होती. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. ड्यूटीवरून आली की माझ्या शिलाई मशीनपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत अवघड शब्द घोकायची. मी साडीला फॉल लावत बसलेली. तिचे पाय बघून माझाच टाका चुकायचा.

नुसता पाठ केलेला शब्द उडून जातो, म्हणायची. म्हणून मला अर्थ सांगायची आणि तसं वागणारं ओळखीचं माणूस विचारायची.

"भाभी, रिलक्टंट. मन नाय, तरी करावं लागतं."

"मी हळदीकुंकवाला जाते तशी."

"बस, पक्का झाला! आता ऑब्स्टिनेट. कुणाचं ऐकतच नाय असा."

"आमचे हे."

आतून आवाज आला, "माझं नाव निघालं का?" सिस्टर तोंडात ओढणी कोंबून पायऱ्यांवर पळाली.

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तिच्यापुढं फुटायचा.

पहिल्या वेळी ती नापास झाली. पाचोडहून तिच्या अब्बांचा फोन आला, "बहुत हुआ, घर आ जा." परत बसायचं तर फी पुन्हा भरायची, आणि तिच्याकडं पैसे नव्हते. संध्याकाळभर ती नुसती चालत होती. मी फॉल-पिकोचे साठवलेले पैसे तिच्या हातावर ठेवले.

"पुन्हा नापास झाले तर?"

"तर अजून चालशील. फरशी झिजंल, दुसरं काय!"

ती पास झाली. तोंडी परीक्षेत एका ओळखीच्या माणसाबद्दल बोलायला सांगितलं होतं. "तुमच्यावरच बोलले, भाभी. आपले सगळे शब्द वापरले." मी लाजून साडीची घडी घालत बसले. पुढं ती परदेशी गेली.

तिकडून थोडे थोडे पैसे यायचे. आले की फोन, आणि फोनवर एक नवा शब्द. वरची खोली भाड्यानं गेली, पण माझं ध्यान पायऱ्यांकडंच.

परवा म्हणाली, "भाभी, हिसाब पूरा."

"व्हय, सगळे मिळाले," मी म्हणाले. मग धीर करून म्हटलं, "आज अर्थ मी सांगते, शब्द तू सांग. पैसे फिटले, तरी फोनची वाट बघणं सुटत नाय."

पलीकडून नुसत्या तिच्या चपला वाजत राहिल्या, इकडून तिकडं, तिकडून इकडं.