पूर्वेच्या वस्त्या

मार्चमध्ये माझा नवरा गेला. अमेरिकेतल्या काळ्यांच्या वस्त्या आणि त्यांची गरिबी यावरचा त्याचा प्रबंध अर्धाच राहिला. त्याची पुस्तकं विद्यापीठाला परत करायला मी इथे न्यूझीलंडमध्ये पापाकुराहून ट्रेनने निघाले. समोरच्या काळ्या बाईंनी केसांत खोचलेली पेन्सिल काढून एका मुखपृष्ठावर टकटक केलं.

"किया ओरा!" त्यांनी इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला. "हा तर माझाच विषय. आमच्या अमेरिकेत काळ्यांच्या वस्त्या बऱ्याचदा पूर्वेला असतात. कारखान्यांचा धूर वारा तिकडेच नेतो."

"आमचा बौद्धवाडाही गावाच्या पूर्वेलाच," मी म्हणाले. "आमच्या अंगावरचा वारा गावाला लागू नये म्हणून."

नवरा गेला, पुस्तकं परत करायला निघालेय, हेही सांगितलं. त्या ताडकन उठल्याच. "आणि पुस्तकं परत करताय? अहो, हे लिहिणार कोण?"

कित्येक महिन्यांनी माझी छाती आनंदाने धडधडली. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पुस्तकं घरीच आहेत. प्रबंध आता मी लिहितेय; एकच प्रकरण उरलं आहे.