पट्टीच्या आतला अंगारा

डायलिसिस सुरू झालं तेव्हाच माझा देवावरचा विश्वास उडाला होता. तरी बहिणीने गावाहून पाठवलेला देवीचा अंगारा मी रोज लावून घ्यायचो. म्हणजे धड नास्तिकही होता आलं नाही मला. बायको माझ्या कपाळाला लावायची. मला वाटायचं, दुखणं एकीकडे आणि अंगारा भलतीकडे, याचा काय उपयोग? म्हणून इथे जपानमध्ये, फुनाबोरीतल्या आमच्या इवल्याशा न्हाणीघरात दार लावून मी डायलिसिससाठी छातीत बसवलेल्या नळीवरच्या पट्टीचा कोपरा उचलायचो आणि चिमूटभर आत सारायचो. वीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पगार घेतलेला माणूस मी.

मग नळी तुंबायला लागली. रक्त नीट वाहीना, मशीन सारखं ओरडायचं. हातातल्या शिरेवरची शस्त्रक्रिया दोनदा वाया गेली होती, त्यामुळे जगणं त्या नळीवरच टांगलेलं. डॉक्टर म्हणाले, त्याच वाटेने तार घालून जुनी नळी काढू आणि नवी सरकवू, म्हणजे दुसरी शीर वाचेल. फक्त वाट स्वच्छ हवी. तिथे जंतू असले तर नव्या नळीबरोबर थेट रक्तात उतरतील, आणि मग जिवावर बेतेल. पट्टीच्या आत काही लावता का, असं फॉर्मवर विचारलं होतं. मी ‘नाही’वर खूण केली. नळी बदलायच्या दिवशी सकाळी ओल्या रुमालाने राख पुसूनही टाकली.

“अहो, चेहरा असा का झालाय?” हॉस्पिटलच्या दारात बायकोने विचारलं.

“उपाशी आहे ना.”

“खोटं तरी नवीन बोला,” ती म्हणाली.

आत नेलं तेव्हा तिथे तानाका-सान होत्या. वयस्कर नर्स. खरं तर त्यांची सुट्टी होती, पण सोबतीण आजारी पडली म्हणून आलेल्या. निर्जंतुक हातमोजे चढवून त्या डॉक्टरांची वाट पाहत उभ्या राहिल्या. कशालाही स्पर्श होऊ नये म्हणून दोन्ही हात छातीशी जुळवलेले. मला ठाऊक होतं, ती त्यांची कामाची रीत आहे. पण आडवा पडून पाहताना वाटलं, माझ्यासाठी कुणीतरी हात जोडून उभं आहे, आणि मी मात्र खोटं बोलून पडलोय. डोळे भरून आले.

मोडक्यातोडक्या जपानीत सगळं सांगितलं. देवी, राख, रुमालसुद्धा.

त्या हसल्या नाहीत. “बरं झालं, आत्ता सांगितलंत,” एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांनी नळीच्या कडेने दाबून पाहिलं, तर पिवळा थेंब आला. तार बाजूला ठेवली गेली. नळी काढली, औषधं सुरू झाली, मधल्या दिवसांत डायलिसिसपुरती मांडीत तात्पुरती नळी. ते दिवस फार वाईट गेले. जंतू गेल्याची खात्री झाल्यावर दुसऱ्या बाजूने नवी नळी बसली. एक शीर मात्र मी गमावली, आणि ती परत मिळायची नाही.

तानाका-साननी माझ्या शर्टाच्या खिशातली अंगाऱ्याची पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून माझ्या उशाशी ठेवली होती. “देवीला इथून दिसेल,” म्हणाल्या.

त्यांना त्याच दिवशी कुणी बोलावलं, यावर मी वाद घालत नाही. पट्टी आता नर्सच बदलतात. मी तेवढा वेळ तोंडावर मास्क लावून, मान वळवून, हात जोडून पडतो. जोडलेले असले की निदान ते भलतीकडे पोचत नाहीत.