नऊ तासांचा थांबा

अक्का माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. वडील शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला होते. ते सकाळी भट्टीवर जायचे आणि आई लोकांच्या शेतात भांगलणीला, तण काढायला. त्यामुळं मला शाळेत घालण्यापासून कॉलेजचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं अक्कानंच केलं. आमच्या घरातली पहिली इंजिनियर ती, आणि देशाबाहेर गेलेलं पहिलं माणूसही तीच. ओहायोतल्या एका लहानशा गावात तिनं संसार थाटला. दाजी तिकडंच नोकरीला, एक मुलगी. दर रविवारी सकाळी ती फोन करायची आणि पहिला प्रश्न असायचा, "आईच्या गुडघ्याचं काय?"

त्या वर्षी पावसाळा संपताना दाजींचा फोन आला. अक्काच्या पोटात गाठ निघाली होती, आणि ती बरीच पसरली होती. डॉक्टरांनी दोन-तीन आठवडे सांगितले होते. दाजी सावकाश, मोजून मापून बोलणारे. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाले, "आईंना घेऊन या."

वडील आधीच वारले होते; आईचा आणि माझा व्हिसा तयार होता. आदल्या वर्षी भाचीच्या पदवीदान समारंभाला जायचं म्हणून काढला होता, पण आईचा गुडघा ऐनवेळी सुजला आणि बेत रद्द झाला. त्यामुळं आता प्रश्न फक्त विमानाचा होता.

कोल्हापुरात स्टेशन रोडवरच्या तिकीटवाल्याकडं गेलो. त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. दोन कंपन्या होत्या. पहिलीचं विमान मुंबईहून दुपारी निघायचं, फ्रँकफर्टला बदलायचं, शिकागोला बदलायचं आणि त्याच दिवशी अक्काच्या गावी पोचायचं. पण फ्रँकफर्टला हातात फक्त एक तास दहा मिनिटं. दुसरीचं विमान बारा-तेरा तास उशिरा सुटायचं, लंडनला नऊ तास थांबायचं, शिकागोला बदलायचं, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी रात्री पोचायचो. त्या कंपनीची माणसं व्हीलचेअर घेऊन विमानाच्या दारात उभी असतात, असं तिकीटवाला सांगत होता.

"पावणं, मी सरळ सांगतो," तो म्हणाला. "तास-सव्वा तासात आईंना घेऊन एवढा विमानतळ पार करायचा म्हणजे अवघड हाय. विमान चुकलं तर तिथंच खुर्चीत रात काढायला लागंल. बाकी तुमची मर्जी."

मी तिथूनच अक्काला फोन लावला. आयुष्यातली प्रत्येक मोठी गोष्ट मी तिलाच विचारून केली होती. आता ती आजारी आहे म्हणून न विचारणं मला सुचलंच नाही. तिचा आवाज फार खोल गेला होता.

"अक्का, कुठलं घेऊ?"

मी दोन्ही सांगितली. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नऊ तासांचं घे. आईला पळवू नकोस. मी हाय की. मी कुठं पळून जाते?"

मी दुसरं तिकीट काढलं.

आई पहिल्यांदाच विमानात बसत होती. तिनं पांढरं पातळ नेसलं होतं आणि पिशवीत अक्कासाठी चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि एक जुनी सुती गोधडी घेतली होती. गोधडी कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तिकडची पांघरुणं टोचतात असं म्हणायची की ती."

लंडनला सकाळी उतरलो. व्हीलचेअर खरंच दारात होती. तिकीटवाला खोटं बोलला नव्हता. आम्ही काचेच्या मोठ्या भिंतीजवळ बसलो. आईनं चहा मागवला, पण तो तिला पाणचट लागला. तिनं लाडवाचा डबा उघडला आणि व्हीलचेअर ढकलणाऱ्या बाईला एक लाडू दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ती बाई लाडू खाऊन हसली, आणि आई मला म्हणाली, "माणसं चांगली हायेत की रं इथली."

अकराच्या सुमाराला दाजींचा फोन आला. नाव बघितल्याबरोबर मी उठून लांब गेलो. तिकडं पहाटेचे सहा वाजले होते.

"गेली," दाजी म्हणाले. "आत्ता, दहा मिनिटं झाली."

मी कितीतरी वेळ एका दुकानापुढं उभा होतो. त्यात काय विकायला होतं, ते आजही आठवत नाही. परत आलो तेव्हा आईनं विचारलं, "कुणाचा फोन?"

"दाजींचा. वेळेत निघताय ना, म्हणून विचारत होते."

मी असं का केलं? अजून पाच तास त्या खुर्चीत, आणि पुढं आठ-नऊ तास समुद्रावर. मधेच तिला काही झालं तर मी काय करणार होतो? मला वाटलं, मी तिला सांभाळतोय. खरं तर माझ्या तोंडातून ते वाक्य निघत नव्हतं.

शिकागोच्या विमानात आईला खिडकी मिळाली. विमान पश्चिमेकडं जात होतं, त्यामुळं सूर्य मावळतच नव्हता. खाली बर्फ दिसला तेव्हा तिनं माझा दंड हलवला. "मीठ सांडल्यागत दिसतंय बघ. अक्कानं पण हेच बघितलं असंल न्हवं, पहिल्यांदा येताना?" जेवणातली गोड वडी तिला आवडली, म्हणून मी माझीही दिली. एकदा तर ती स्वतःशीच हसली. अक्का लहानपणी बैलगाडीतून पडली आणि उठून आधी गाडीवानालाच रागावली, ते तिला आठवलं होतं. तिनं ते सगळं मला पुन्हा सांगितलं. मी ऐकत होतो आणि हुंकार देत होतो.

शिकागोला पासपोर्टवर शिक्के मारून घेऊन बाहेर आलो. पुढच्या विमानाला वेळ होता. एका कोपऱ्यात व्हीलचेअर लावून मी तिच्यापुढं गुडघ्यावर बसलो आणि सांगितलं.

ती रडली नाही. तिनं विचारलं, "कवा?"

"लंडनला असताना."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "माझी लेक गेली आणि तू मला गोड खाऊ घातलंस? मला हसू दिलंस?"

शेवटच्या विमानात ती माझ्याशेजारी बसली नाही. पलीकडच्या रांगेतली जागा तिनं खुणेनं मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी अंत्यविधी झाला. तिथं विधी करायला भन्ते नव्हते, मग आईनंच पुढं होऊन त्रिसरण म्हटलं. आवाज एकदाही कापला नाही. गोधडी तिनं स्वतःच्या हातानं अक्काच्या पायांवर घातली.

कोल्हापूरला परतल्यावर मी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. ते पहिलं विमान त्या दिवशी कधी पोचलं, ते शोधून काढलं. प्रत्येक ठिकाणी ते वेळेत होतं. त्यातून गेलो असतो तर अक्का आम्हाला सात तास भेटली असती. फ्रँकफर्टला पळायला लागलं असतं, एवढंच. आईला पाठीवर घेऊन पळलो असतो. हे मी कुणालाच सांगितलं नाही. नऊ तासांचं विमान अक्कानंच सुचवलं होतं, असं मनाला समजावून बघतो. पण तिनं उत्तर दिलं ते आईच्या गुडघ्यांसाठी, आणि विचारणारा मी होतो.

आई बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची. जेवायला वाढायची आणि आत निघून जायची. ती एक दिवस त्या पहिल्या विमानाबद्दल विचारणार, असं मला वाटायचं, आणि मी त्याची धास्ती घेतली होती. तिकीटवाल्याकडं काय बोलणं झालं, ते तिला ठाऊक होतं.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी ती दारात उन्हाला बसून मेथी निवडत होती. मी कामावर निघालो होतो, बूट घालत होतो. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या टायमाला तिच्याजवळ कोण हुतं?"

"दाजी होते. पोरगी होती. पोरीनं हात धरला होता, असं दाजी म्हणाले."

"शुद्धीवर हुती?"

"व्हय. थोडी."

तिनं मेथीची एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "मग एकटी न्हवती," ती म्हणाली.

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. त्या दिवशी कामावर उशिरा गेलो. आम्ही दोघांनी मिळून उरलेली मेथी निवडली.