शनिवारचा झाडांचा तास

पर्यावरण हा विषय शाळांमध्ये सक्तीचा झाला, त्याच सुमाराला मी बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडून घरी बसले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. तो जोडला शिक्षकांसाठी मासिक काढणाऱ्या एका संपादकांनी. ते आमच्या ओळखीतले. म्हणाले, तुम्हाला वेळ आहे, तुमच्याकडे स्कूटर आहे आणि लोकांशी बोलत बसायची तुम्हाला खोडच आहे, तर मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवणाऱ्या शिक्षकांना भेटा आणि आम्हाला लेख द्या. मी म्हटलं, मला शिक्षणातलं काय कळतंय? ते म्हणाले, म्हणूनच वाचकांना कळेल. हा टोमणा होता हे मला घरी पोचल्यावर लक्षात आलं, पण तोवर मी हो म्हणून बसले होते.

आपल्याकडे विषय सक्तीचा झाला की सगळ्यात आधी त्याची तयार वही बाजारात येते. तशी ती आलीच. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये वाळवलेली पानं टांगली होती: वड, पिंपळ, उंबर, आंबा, जांभूळ. वहीत चिकटवायची, खाली नाव लिहायचं, झालं पर्यावरण. एक गृहस्थ दुकानदाराला विचारत होते, बाकीची आहेत, नुसता पिंपळ मिळेल का? दुकानदार वर न बघता म्हणाला, सेट फोडत नाही. त्याच दुकानाच्या पाटीच्या वर, भिंतीच्या फटीतून, चांगला हातभर पिंपळ उगवला होता. मी तो त्या गृहस्थांना दाखवला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते.

तर अशी सुरुवात. पहिली भेट कोथरूडमध्ये, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. शाळा मोठी, बाई तरुण आणि हुशार, बोलणं निम्मं इंग्रजीत. आउटडोअर लर्निंग, हँड्स-ऑन, एक्स्पोजर. त्यांची शाळा वर्षातून एकदा मुलांना बसने एका शेतावर नेते, तिथे मुलं गाय बघतात आणि वर्कशीट भरतात. मी विचारलं, शाळेच्या मागेच तर टेकडी आहे, तिथे का नाही नेत? त्या म्हणाल्या, टेकडीवर वर्कशीट भरायला सपाट जागा नाही. मी तापट बाई आहे, ओठावर आलेलं सहसा गिळत नाही. पण त्या दिवशी गिळलं, आणि बरं झालं. कारण निघताना त्यांनीच सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी त्या मुलांना टेकडीवर घेऊन गेल्या होत्या, एका मुलाचा गुडघा फुटला, आणि त्याचे वडील दुसऱ्या दिवशी वकिलाला घेऊन आले. हे सांगताना त्यांचं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं होतं. मला त्यांची दया आली. लेखात मी त्यांना फार बोलले नाही.

दुसरी भेट बिबवेवाडीत. ही शाळा पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन मजल्यांवर, मैदान नावाला नाही. तिथले विज्ञानाचे सर मुलांना गच्चीवर न्यायचे आणि पाण्याच्या टाकीची सावली दर तासाला खडूने आखायला लावायचे. वर्षअखेरीला गच्चीभर रेघाच रेघा. मी म्हटलं, मैदान नसल्यामुळे तुमची फार अडचण होत असेल. सर म्हणाले, मैदान नाही, पण सूर्य आहे ना. गिरणीचं पीठ डोक्यावर बसत होतं आणि मी खूश होऊन लिहून घेत होते. जिना उतरताना ते म्हणाले, आमचं काय घेऊन बसलात, खडकीच्या बाईंना भेटा. मग तुम्हाला कळेल.

खडकीच्या बाई निवृत्तीला आलेल्या. ठेंगण्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. शाळेत मुलं बहुतेक दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांची, जवळच्या क्वार्टर्समधली. शनिवारी सकाळची शाळा, आणि शेवटचा तास कार्यानुभवाचा. वेळापत्रकात त्या तासाला सहावीचा वर्ग कागदाच्या टोप्या करत असे. प्रत्यक्षात बाई सगळ्या वर्गाला मागच्या गेटने बाहेर काढत आणि गल्ली ओलांडून पलीकडच्या मोकळ्या जागेत नेत. तिथे जुनी झाडं आहेत, करंज, शिरीष, कडुलिंब, चिंच. जूनमध्ये प्रत्येक मुलाला एक झाड मिळे, ते वर्षभर त्याचं. शनिवारी आपापल्या झाडासमोर उभं राहायचं, दहा मिनिटं तोंड बंद, आणि मग वहीत एक ओळ लिहायची. एकच. दुसरी लिहिली तर बाई खोडत. दहा मिनिटं चाळीस पोरं गप्प उभी राहिलेली मी त्याआधी फक्त राष्ट्रगीताला पाहिली होती, आणि तेही मिनिटभर.

मी वह्या चाळल्या. एकाने लिहिलं होतं, खारीने आज तीन वेळा खाली येऊन तोंडात काही नेलं नाही. दुसरीने लिहिलं होतं, मागच्या शनिवारची मुंग्यांची रांग आता दुसऱ्या बाजूने जाते. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. तिथल्या कट्ट्यावर बसून मी बाईंना दोन तास बोलतं केलं. त्यात सहज विचारलं, या सगळ्याला मुख्याध्यापकांची परवानगी असेलच. बाई हसल्या. म्हणाल्या, त्यांना माहीतच नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीची खिडकी थेट मागच्या गेटवर उघडते. पण शनिवारी शेवटच्या तासाला त्यांना पुढच्या इमारतीतल्या नळांची पाहणी करायची असते. अकरा वर्षं ते न चुकता नळ बघत होते.

हे मला भलतंच आवडलं. मी घरी आले आणि एका बैठकीत लेख लिहून काढला. वह्यांबद्दल एक परिच्छेद, झाडांबद्दल एक, आणि उरलेला सगळा त्या गेटबद्दल, नळांबद्दल, कुणाच्याही सहीशिक्क्याशिवाय चालणाऱ्या तासाबद्दल. मुख्याध्यापकांचं तर मी तोंडभरून कौतुक केलं. नाव कुणाचंच दिलं नाही. पण खडकी लिहिलं, सहावी लिहिलं, शनिवार लिहिलं, मागचं गेट लिहिलं. आणखी काय लिहायचं राहिलं होतं?

लेख आला आणि आठवडाभर माझा फोन वाजत होता. संपादकांनीसुद्धा फोन केला, आणि ते कुणाला फोन करत नाहीत. मी हवेत होते. मग एका संध्याकाळी बिबवेवाडीच्या सरांचा फोन आला. ते म्हणाले, खडकीचा तास बंद झाला, तुम्ही फारच छान लिहिलंत. आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी खडकी गाठली. बाई शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत होत्या. बसा म्हणाल्या, आणि तपासत राहिल्या. मी माफी मागितली. मला बोलता येतं हा माझा मोठा समज, पण त्या दिवशी धड एक वाक्य पुरं होईना. त्यांनी ऐकून घेतलं. मग पेनाला टोपण लावून म्हणाल्या,

"मी तुम्हाला झाडं दाखवली होती. तुम्ही गेट बघितलंत."

तास झाल्याची घंटा वाजली आणि त्या वर्गावर गेल्या. मी तिथेच बसून राहिले. त्या एप्रिलच्या शेवटी निवृत्त होणार होत्या. हा त्यांचा शेवटचा वर्ग, आणि त्यांच्यामागे हा तास चालवायला शाळेत कुणीही नव्हतं. वर्ष निम्मं झालं होतं. आत्ता बंद पडला तर तो कायमचाच गेला असता, आणि तो माझ्यामुळे गेला असता. मला रडूच यायला लागलं, पण परक्या शाळेत रडणार कुठे? मी उठून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

ते उंच, सडपातळ आणि अत्यंत सभ्य. टेबलावर आमचं मासिक, त्यात माझ्या लेखाखाली लाल रेघा, आणि त्याला टाचलेली संस्थेच्या कार्यालयाची चिठ्ठी: खुलासा करावा. मी त्यांना म्हटलं, मी तर आपलं कौतुक केलं होतं. ते म्हणाले,

"अकरा वर्षं मला काही माहीत नव्हतं. आता सगळ्या जिल्ह्याला माहीत झालं, तेव्हा मलाही माहीत असणं भाग आहे."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मग द्या की परवानगी, तुम्हाला कोण अडवतंय? ते तितक्याच शांतपणे म्हणाले, आजवर ती कुणी मागितलेली नाही. मी पुन्हा बाईंकडे. त्या अर्ज करायला तयार होईनात. मागितली आणि नाही म्हणाले तर, एवढंच त्यांचं म्हणणं. मग तो अर्ज मीच लिहिला. चार पानी. बालपण, कुतूहल, निसर्गाशी नातं, सगळं घातलं त्यात. रात्री नवऱ्याला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, भाषण चांगलं आहे.

मुख्याध्यापकांनी तो माझ्यासमोर वाचला. लाल पेन्सिल घेतली आणि बालपण खोडलं. कुतूहल खोडलं. निसर्गाशी नातं तर दोन रेघा मारून खोडलं. शेवटी सहा ओळी उरल्या, त्यातल्या चार त्यांनी सांगितलेल्या. शाळेच्या हद्दीलगतच्या मोकळ्या जागेत कार्यानुभवाची प्रात्यक्षिक तासिका. सोबत पालकांची संमतिपत्रं. सोबत दोन प्रौढ व्यक्ती. त्यांना हा तास हवा होता, हे मला तेव्हा कळलं. त्यांनाच सगळ्यांहून जास्त हवा होता बहुधा. आदल्या दिवशी चढवलेल्या आवाजाची मला लाज वाटली.

संमतिपत्रं दोन दिवसांत आली, एकूण एक. अडलं ते दुसऱ्या प्रौढ व्यक्तीपाशी. शनिवारी शेवटच्या तासाला शाळेतला एकही शिक्षक थांबायला तयार नव्हता, प्रत्येकाला घरी लवकर पोचायचं होतं. मुख्याध्यापकांनी त्या रिकाम्या जागेवर पेन टेकवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. घाई नव्हती त्यांना. मी म्हटलं, माझं घाला. त्यांनी ताबडतोब घातलं, पुढे लिहिलं, निवृत्त बँक कर्मचारी. लेखिका लिहिलं नाही, आणि मीही सुचवलं नाही.

अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने संस्थेत गेला, तिथून खाली आला, पुन्हा वर गेला. पाच शनिवार बुडाले. सहाव्या आठवड्यात सही झाली, वर्षअखेरीपर्यंत परवानगी. त्या शनिवारी मी कोथरूडहून निघाले आणि पुलावर एका टेंपोच्या मागे अडकले. पोचले तेव्हा मुलं गेटपाशी रांगेत उभी होती. शिपायाने नोंदवही पुढे केली, मी वेळेसकट सही केली. मुख्याध्यापक आपल्या खिडकीत उभे होते आणि चक्क आमच्याकडे बघत होते. बाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पाच आठवड्यांत बोलल्या नव्हत्याच, निरोप सगळे मुख्याध्यापकांमार्फत. त्यांनी माझ्या हातात एक वही दिली आणि एका करंजाकडे बोट दाखवलं. ज्या मुलाचं ते झाड होतं त्याच्या वडिलांची बदली झाली होती.

मी उभी राहिले. दहा मिनिटं म्हणजे किती असतात, ते त्या दिवशी कळलं. तिसऱ्या मिनिटाला मला पेट्रोल भरायचं आठवलं, चौथ्याला दुधाचं. मग आपण केलेला घोळ आठवला. वेळ संपल्यावर मी घाईघाईने वहीत लिहिलं: या झाडासमोर उभं राहून मला माझी चूक कळली. वाक्य मला बरं वाटलं. शेजारच्या कडुलिंबाची मुलगी, दोन वेण्या, गंभीर चेहरा, माझ्या वहीत डोकावली. तिने ते वाचलं, एकदा करंजाकडे बघितलं, पुन्हा वाचलं.

"काकू," ती म्हणाली, "हे झाडाचं नाहीये. हे तुमचंच आहे."

तिला माझा लेख वगैरे काही माहीत नव्हतं. नियम सांगत होती ती फक्त. माझे कान तापले. लेखातही मी हेच केलं होतं, माझी गंमत, माझी शैली, माझं कौतुक, आणि बाईंची झाडं एका परिच्छेदात. मी ती ओळ खोडली. मुलं रांगेत उभी राहायला लागली होती, तरी मी पुन्हा करंजासमोर जाऊन उभी राहिले, आणि या वेळी खरंच बघितलं. मग लिहिलं: खालच्या फांदीच्या सहा पानांवर फोड आहेत, सातव्यावर नाहीत.

बाई वह्या गोळा करत माझ्यापर्यंत आल्या. माझी वही घेतली. खोडलेली ओळ वाचली असणार, कारण थोड्या थांबल्या. मग खालची वाचली, फांदीकडे जाऊन पानं वाकवून बघितली, आणि परत येऊन लाल पेनाने बरोबरची खूण केली.

"पुढच्या शनिवारी वेळेवर या," त्या म्हणाल्या.